रहिवासाचा पुरावा आणि गाडीचे लायसन्स
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय कागदांचा आहे. विषय रुक्ष आहे, परंतु ज्याच्या घरात अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे त्याला तो रुक्ष वाटणार नाही. सिल्लोड, अजिंठा, शिवना, अंधारी या भागांतली कितीतरी घरे गाडीच्या चाकावर चालतात. कोणी मिरचीचा टेम्पो चालवतो, कोणी कापसाची गाडी, कोणी रिक्षा. या घरांतल्या मुलाला लायसन्स म्हणजे पहिली नोकरीच. आणि तो लायसन्स काढायला निघाला की त्याला कोणीतरी सांगतो, "आधी डोमिसाईल आण, मग बघू." मुलगा घरी परततो आणि वर्षभर लायसन्सविना गाडी चालवतो. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो : गाडीच्या लायसन्सला कायद्याने डोमिसाईलची अट नाही.

घोटाळा होतो तो तीन गोष्टी एक समजल्यामुळे. पहिली गोष्ट पत्ता, म्हणजे आज आपण कोठे राहतो. दुसरी अधिवास, म्हणजे या राज्यात आपण किती वर्षांपासून राहतो. तिसरी नागरिकत्व, म्हणजे आपण कोणत्या देशाचे. तिन्हींचे कायदे वेगळे आणि कागदही वेगळे. लायसन्सला फक्त पहिली गोष्ट लागते, आणि सोबत वयाचा पुरावा.

१९८८ सालचा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय नियमांत वय व पत्ता यांसाठी चालणारे पुरावे दिले आहेत. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, मतदार यादीतील नाव, पासपोर्ट, आयुर्विम्याची पॉलिसी ही त्यांतली काही. पुढे आधारही आले. यांतले काहीच देता येत नसेल आणि त्याला सबळ कारण असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र अधिकारी स्वीकारू शकतो. साध्या गाडीला वय अठरा पूर्ण हवे, व्यावसायिक वाहनाला वीस. आधी शिकाऊ लायसन्स निघते, ते सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यावर किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते.

पूर्वी आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो त्याच हद्दीतल्या कार्यालयात अर्ज करावा लागे. २०१९ सालच्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही लायसन्स अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पुण्याला किंवा मुंबईला शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असले पाहिजे. गावाकडचा पत्ता असला म्हणून अर्जासाठी गावाकडे खेटे घालण्याचे कारण नाही.

आता दुसरी गोष्ट, अधिवास. "पंधरा वर्षांचा रहिवास" हे शब्द आपल्या मराठवाड्याला नवे नाहीत. आपला तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर ओलांडले की खानदेश, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. घाटाखालची मुलगी घाटावर दिली की ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येई. त्या काळी, १९१९ सालापासून, हैदराबाद संस्थानात मुलकी नियम होते. संस्थानाची नोकरी मुलकींना. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे लिहून द्यावे, तेव्हा त्याला मुलकी म्हणत. पुढे खोटे मुलकी दाखले इतके झाले की १९५२ साली हैदराबाद राज्यात विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन उभे राहिले आणि गोळीबारात माणसे दगावली. खोट्या दाखल्याने खऱ्या हक्कदाराचा घास जातो, हा त्या इतिहासाचा धडा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुलकी हा शब्द गेला, पण पंधरा वर्षांचा आकडा राहिला. आज महाराष्ट्रातही अधिवासाच्या दाखल्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सांगितले की आपल्या देशात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्याचा वेगळा अधिवास नाही. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणातील रहिवासावर आधारलेले आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. तथापि पदवीच्या प्रवेशांना आणि राज्यातल्या कित्येक भरत्यांना दाखला अजून लागतोच. म्हणून बारावीच्या परीक्षेआधीच तहसीलकडे अर्ज करावा. निकालानंतर रांगा लागतात, आणि त्या रांगेत दलाल उभा असतो.

नागरिकत्वाविषयी एकच सांगतो. आधार कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१६ सालच्या आधार कायद्यातच म्हटले आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. गाडीचे लायसन्सही गाडी चालवण्यापुरतेच आहे.

पालकहो, आता घरातले दुखणे. आपल्या मुलांचे अर्ज रहिवासापेक्षा नावावर जास्त अडतात. शाळेत "शेख मोहम्मद", रेशन कार्डावर "शे. मो.", आधारवर "मोहंमद शेख". उर्दू शाळेत एक, इंग्रजी अर्जात दुसरे. वडिलांच्या नावात कोठे "खान" आहे, कोठे नाही. माणूस एक, पण कागदावर तीन. घरात बसून एक नाव, एक स्पेलिंग, एक जन्मतारीख ठरवा. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते.

मुलींचे दुखणे वेगळे. निकाहनंतर घर बदलते, आडनाव बदलते, शाळेचा दाखला मात्र माहेरच्या नावाचा राहतो. २०२४ साली लाडकी बहीण योजनेत हे फार दिसले. सुरुवातीला अधिवासाचा दाखला मागितला होता. नंतर सरकारने पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला किंवा जन्मदाखलाही चालेल असे ठरवले, आणि परराज्यातून लग्न होऊन आलेल्या बाईसाठी पतीचे कागद मान्य केले. ज्या बहिणींनी शाळेचा दाखला जपून ठेवला होता त्यांना त्याचा उपयोग झाला. मुलीला सासरी पाठवताना तिच्या सामानात तिचे कागदही द्या.

सर्वांत महत्त्वाचा कागद जन्माचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. त्यात दुरुस्ती होऊन १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, गाडीचे लायसन्स या सर्वांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखलाच राहणार आहे. म्हणजे आज पाळण्यात असलेल्या मुलाचे लायसन्स आजच्या नोंदीवर अवलंबून आहे. एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. २०२५ साली आपल्या राज्यात उशिराच्या जन्मनोंदींची चौकशी झाली आणि नियम कडक झाले. ज्यांच्या नोंदी खऱ्या होत्या त्यांनाही धास्ती वाटली. त्या धास्तीवर उपाय एकच : खरा कागद, वेळेवर काढलेला.

म्हणून दलालाच्या हाती कोरा सही केलेला कागद देऊ नका. प्रतिज्ञापत्रातील खोटी ओळ हा फौजदारी गुन्हा आहे, आणि शिक्षा सही करणाऱ्याला होते, लिहिणाऱ्याला शोधत कोणी जात नाही. कोणी पुरावा मागितला तर त्यात अपमान मानू नका. पण नियमात नसलेला कागद मागितला तर अदबीने विचारा, "साहेब, कोणत्या नियमाने? लेखी द्या." असे विचारायला शिकणे हेही शिक्षणच.

संस्थेला माझी एक विनंती आहे. दरवर्षी जूनमध्ये दोन दिवस शाळेत कागद तपासणीचे ठेवावेत. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार व रेशन कार्ड शेजारी शेजारी ठेवून नावे जुळतात का ते पाहावे. याला देणगी लागत नाही, दोन दिवसांची मेहनत लागते. आणि पालकहो, उद्या सकाळी बाजारातून एक साधी फाईल आणा आणि घरातले सगळे कागद एका जागी लावा.