ओली जमीन आणि पाणथळ जमीन : माती व वनस्पती यांवरून ओळख

(सुरत जिल्ह्यातील कालवा क्षेत्राची पाहणी करण्यासाठी आलेले खानदेशातील शेतकरी, महसूल व कृषि खात्यांचे कर्मचारी आणि शिक्षक यांच्यापुढे सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



गेले दोन दिवस आपण तापीच्या खोऱ्यातील शेती पाहत आहोत. मुलताईजवळ उगम पावून आपल्या खानदेशातून वाहत आलेली ही नदी येथे समुद्रास मिळते. काक्रापारचा बंधारा १९५४ च्या सुमारास पुरा झाला आणि उकाईचे धरण १९७२ मध्ये. उकाईच्या जलाशयाचा फुगवटा आपल्या नवापूर तालुक्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा येथे जे पाहावयास मिळाले, ते परक्याच्या घरचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

काल ओलपाडच्या बाजूला आपण दोन शेते पाहिली. एका शेताच्या सखल कोपऱ्यात पाणकणीस माजले होते आणि बगळे उभे होते. दुसऱ्या शेतात ऊस विरळ झाला होता आणि सरींच्या माथ्यावर पांढरा खार फुटला होता. आपल्यापैकी एका शेतकरीबंधूंनी तेथेच विचारले, "दोन्ही जमिनी ओल्याच, मग एकीचा निचरा करावा आणि दुसरीला हात लावू नये, असे का म्हणता?" प्रश्न नेमका होता. आजचे माझे बोलणे त्याचेच उत्तर आहे.

शेतातील ओल तीन प्रकारांनी येते. पहिली निसर्गाची. जमीन सखल असते, आजूबाजूचे पावसाचे पाणी तेथे जमते आणि शेकडो वर्षे जमत आलेले असते. ही खरी पाणथळ जागा. दुसरी ओल शेतकऱ्याने हेतुपूर्वक केलेली, म्हणजे भातखाचराची. या जिल्ह्यात अशा बांधबंदिस्त भातजमिनीला 'क्यारी' म्हणतात. तिसरी ओल कालव्याची. पाझर आणि गरजेहून अधिक दिलेले पाणी यांमुळे भूजलाची पातळी वर येते आणि एके काळची उत्तम जमीन चिबड होते. वरून पाहता तिन्ही सारख्या दिसतात. उपाय मात्र तिहींचे वेगळे आहेत, आणि ओळखण्यात चूक झाली, तर खर्च वाया जाऊन जमीनही हातची जाते.

ओळखीचा पहिला साक्षीदार माती होय. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही. मातीतील सूक्ष्म जीव उरलासुरला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपवितात आणि नंतर लोहाच्या तांबूस संयुगांतील प्राणवायूवर गुजराण करू लागतात. तसे होताच लोह विरघळते, आणि मातीचा तांबूसपणा जाऊन तिला करडा, क्वचित निळसर वा हिरवट रंग येतो. जेथे मुळांच्या वाटेने थोडी हवा शिरते, तेथे तेच लोह पुन्हा गंजाच्या रूपाने साचते. भाताचे रोप उपटले असता मुळांवर जी नारिंगी पुटे दिसतात, ती याच क्रियेची खूण आहे. पाणी फारच दिवस तुंबले, तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो.

म्हणून शेताच्या संशयित भागात कुदळीने सुमारे ९० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, आणि तुलनेसाठी त्याच शेताच्या उंच भागातही एक घ्यावा. खड्ड्याची एक बाजू सुरीने खरवडून ताजी करावी व वरून खाली वाचीत जावी. करडा रंग आणि गंजाचे डाग केवळ वरच्या वीतभर थरात असतील व खालची माती निर्मळ असेल, तर पाणी वरून आलेले आहे. चिखलणी करून पाणी साठविलेल्या भातखाचराची ही लक्षणे होत. डाग जसजसे खाली जावे तसतसे वाढत असतील, तर पाणी खालून, भूजलातून येत आहे. डागांच्या कडाही पाहाव्यात. कडा पुसट असून डाग मऊ असेल, तर तो बहुधा चालू काळातील आहे. कठीण, रेखीव कडांचे खडे पुष्कळदा जुन्या काळाचे अवशेष असतात. ती जमीन एके काळी पाणथळ असेल, आज असेलच असे नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण सुरत जिल्ह्यातील बरीच जमीन आपल्याकडच्यासारखीच काळी आहे. काळ्या जमिनीचा मूळ रंगच इतका गडद असतो की करडेपणा त्यात लपून जातो. शिवाय चुनखडीमुळे लोह सहजासहजी विरघळत नाही, आणि डागही फिके उमटतात. अशा जमिनीत ओलसर ढेकूळ फोडून आतला रंग तत्काळ पाहावा, ते अर्धा तास हवेत ठेवून पुन्हा पाहावे. रंग बदलून तांबूस छटा आली, तर आत हवा नव्हती असे समजावे. दुसरी खूण भेगांची. चैत्र-वैशाखात काळी जमीन हात शिरेल अशी भेगाळते. सर्व शेत भेगाळले असता एखादाच तुकडा न भेगाळता राहिला, तर त्याच्या पोटात ओल टिकून आहे असा अंदाज करण्यास हरकत नाही.

दुसरा साक्षीदार वनस्पती. पाणकणीस, ज्याला या भागात घाबाजरियुं म्हणतात, नळाची बेटे, कमळ व कुमुद, नाळीची भाजी, काटेरी कोळशिंदा म्हणजेच तालिमखाना (येथील लोक त्यास एखरो म्हणतात), ब्राह्मी आणि माका ही पाण्याजवळ अथवा दीर्घ ओलीत रमणारी मंडळी आहेत. परंतु एका झाडावरून निकाल देऊ नये. जागेवर कोणत्या वनस्पतींचे प्राबल्य आहे, हे पाहावे. लव्हाळा ओलीत वाढतो खरा, पण तो कोरडवाहू शेतातही तितकाच त्रास देतो, म्हणून त्याची साक्ष कच्ची. बेशरम कोठेही फोफावते, तीही विश्वासाची नाही. वर्षायू तण एका पावसाळ्याची गोष्ट सांगते, तर बहुवर्षायू वनस्पतींची दाट बेटे पुष्कळ वर्षांची हकीकत सांगतात.

काय उगवते याबरोबरच काय मरते, हेही पाहावे. तुरीला तुंबलेले पाणी सोसत नाही, ती आधी पिवळी पडते. बांधावरचा जुना कडुनिंब शेंड्याकडून वाळू लागला, तर पाण्याची पातळी अलीकडे वर आली असावी, असा संशय घ्यावा. जो वृक्ष पन्नास वर्षे तेथे सुखाने वाढला, त्याच्या लहानपणी ती जमीन पाणथळ असणे संभवत नाही. याच्या उलट, पाणी जाऊन खार उरतो तेथे वेडी बाभूळ, पिलू आणि मांसल पानांची खारट झुडपे शिरतात. ही झाडे पाण्यापेक्षा क्षाराची खबर देतात.

तिसरा साक्षीदार काळ. विहिरीची अथवा छिद्र घेऊन उभ्या केलेल्या नळीतील पाण्याची पातळी वर्षभर, निदान पंधरवड्यातून एकदा, मोजून वहीत लिहावी. नैसर्गिक पाणथळ जागा पावसाबरोबर भरते आणि हिवाळा-उन्हाळ्यात उतरत जाते. कालव्यामुळे चिबडलेल्या जमिनीत पाणी कालव्याच्या पाळीबरोबर चढते, आणि भर उन्हाळ्यातही खाली जाण्याचे नाव घेत नाही. कालवा दुरुस्तीसाठी बंद असताना पातळी झपाट्याने उतरली, तर आणखी पुराव्याची गरज नाही. भूजल दोन मीटरच्या आत आले की जमीन चिबड झाली, असे आपल्या देशात मानण्यात येते. दोन ते तीन मीटर असेल, तर ती धोक्याच्या वाटेवर आहे.

निदान झाले की उपचार सोपा होतो असे नाही, पण तो योग्य दिशेने होतो. कालव्याची ओल असेल, तर आधी पाणी मोजून द्यावे, शेतचाऱ्यांचा पाझर थांबवावा व निचऱ्याची व्यवस्था करावी. माती तपासून घ्यावी. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरहून अधिक आणि सामू ८.५ च्या आत असेल, तर जमीन खारवट. तिला गोड पाणी आणि निचरा पुरतो. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक आणि सामू ८.५ हून जास्त असेल, तर ती चोपण. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही द्यावे लागते. उकाई-काक्रापार क्षेत्रात भूमिगत निचरा नळांचे प्रयोग नवसारीच्या कृषि विद्यापीठाने केले आहेत. आपल्या शिरोळ तालुक्यातही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन असे नळ टाकले व पडीक उसाची जमीन लागवडीखाली आणली. एकट्याने निचरा करून भागत नाही, कारण पाणी शेवटी कोणाच्या तरी शेतातून नाल्यापर्यंत जावे लागते.

ओल निसर्गाची असेल, तर मात्र तेथे पैसे ओतू नयेत. भराव टाकला, तरी पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरते आणि पुढच्या पावसात जागा पुन्हा बसते. १९६८ चा आणि ऑगस्ट २००६ चा, असे तापीचे दोन मोठे पूर या शहराने सोसले आहेत. पुराचे पाणी थोपवून धरणाऱ्या सखल जागा किती मोलाच्या, हे सुरतकरांना वेगळे सांगावयास नको. त्याच जागा विहिरींना पाझर देतात, दुष्काळात वैरण देतात, आणि पिकांवरील किडी टिपणाऱ्या पक्ष्यांना आसरा देतात. माणसाने केलेले पाणीही काळाच्या ओघात असे मोलाचे होऊ शकते. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा सिंचनासाठी बांधला गेला. आज ती जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ आहे.

आता नोंदीविषयी. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशाचा पाणथळ जागांचा नकाशा तयार केला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात २.२५ हेक्टरहून लहान जागा केवळ बिंदूंनी दाखविलेल्या आहेत. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून भातखाचरे आणि सिंचनासाठीच बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. याचा अर्थ असा की, आपल्या शेतातील वीस गुंठ्यांची जागा आकाशातून नीट ओळखू येत नाही आणि कायद्याच्या यादीतही ती आपोआप येत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ती फार तर 'पोटखराबा' या एका शब्दात गुंडाळलेली असते. त्या शब्दामागे नैसर्गिक तळे आहे की कालव्याने बिघडविलेली जमीन आहे, हे उतारा सांगत नाही. ते सांगू शकतील असे फक्त गावातले लोक आहेत.

म्हणून माझी तीन विनंत्यांची मागणी आहे. शेतकरीबंधूंनी येत्या उन्हाळ्यात दोन खड्डे घ्यावेत व विहिरीच्या पातळीची वही सुरू करावी. महसूल आणि कृषि कर्मचाऱ्यांनी पोटखराब्याची पाहणी करताना ओलीचे कारण आपल्या टिपणात लिहावे, आणि गावनकाशातील जुनी तळी, ओढे व शेतांची नावे वृद्धांना विचारून पडताळावीत. शिक्षकांनी मुलांना पावसाळ्यानंतर एकदा आणि वैशाखात एकदा त्याच जागी न्यावे, आणि दोन्ही वेळी काय उगवले व काय वाळले याची यादी करून घ्यावी. दोन-तीन वर्षांच्या अशा याद्या गावाला मोठ्या उपयोगाच्या ठरतील.

काल प्रश्न विचारणाऱ्या बंधूंना एवढेच सांगतो. पाणकणसाच्या कोपऱ्यात पाणी आपल्या घरी आलेले आहे, त्याला राहू द्या. पांढऱ्या सरीत ते वाट चुकून शिरले आहे, त्याला बाहेर काढा. कोणते कोणते, हे विचारावयाचे असेल, तर कुदळ घ्या आणि मातीला विचारा.