शिकता शिकता शिकवणी

वसई रोडला वर्तक महाविद्यालयातले तास संपले की काही मुलं-मुली घरी न जाता शिकवणी घ्यायला निघतात. कुणाच्या तरी ओटीवर चटई अंथरलेली असते, चौथीची तीन-चार मुलं वाट बघत असतात. अपूर्णांक समजत नसेल, तर वसईच्या केळ्यांचा डझन समोर ठेवावा. बारातली तीन उचलली, म्हणजे पाव! मूल एकदम हसतं आणि ते गणित विसरत नाही.

कमवत शिकण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते याच स्वावलंबनाच्या पायावर.

शिकवणी घेताना एक माहिती लक्षात ठेवा. जानेवारी 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग सेंटरमध्ये शिकवायला किमान पदवी हवी. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या वर्गांसाठी त्या आहेत. घरच्या छोट्या शिकवणीला त्या लागू नाहीत.

मित्रांनो, फी आणि वेळ आधीच ठरवा. स्वतःच्या परीक्षेचे दिवस पालकांना आगाऊ सांगा. दुसऱ्याला समजावताना आपलाही पाया पक्का होतो. ही कमाई आयुष्यभर पुरते.