आम्लपित्त आणि आपली दिनचर्या

(गोव्यातील एका ग्रामीण आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



‘घशाशी येणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी परिचित आहे. जेवणानंतर छातीत जळजळते, तोंडात आंबट पाणी येते, आणि ‘पित्त झाले’ असे म्हणून आपण खाण्याचा सोडा पाण्यात घालून पितो. घटकाभर आराम पडतो. मूळ कारण मात्र कायम राहते. शिवाय सोड्यातील क्षार रक्तदाबाच्या रुग्णास अपायकारक असतो.

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास उतरताना ते उघडते व लगेच मिटते. जठरातील तीव्र आम्ल जठराचे अस्तर सोसू शकते, अन्ननलिकेचे अस्तर सोसू शकत नाही. कडे सैल पडले किंवा पोटातील दाब वाढला म्हणजे आम्ल वर चढते. तेव्हा या कड्यावरील भार हलका करणे हाच खरा उपाय होय.

रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच अंथरुणावर पडणे ही यातील सर्वांत घातक सवय. जेवण व झोप यांत निदान ३ तासांचे अंतर असावे. दोन घास कमी जेवावे, तळलेले पदार्थ बेताने खावे व जेवणानंतर शतपावली करावी. पलंगाच्या उशाकडील पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढविल्याने पोट दुमडते व त्रास वाढू शकतो. पूर्वजांनी वामकुक्षीचा, म्हणजे डाव्या कुशीचा, पुरस्कार केला. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या मुखाखाली राहते, हे आजचे शास्त्रही मान्य करते. मात्र ज्याला हा विकार आहे त्याने जेवल्याबरोबर आडवे होऊ नये. डावी कूस रात्रीच्या झोपेसाठी राखावी.

तंबाखू व मद्य यांनी कडे सैल पडते. वाढलेले वजन आणि कमरेला करकचून बांधलेली नाडी यांनी पोटावर दाब येतो. पदार्थांचे म्हणाल तर एकास कॉफी बाधते, दुसऱ्यास तिखट आमटी. ज्याने त्याने स्वतःचा अनुभव पाहून पथ्य ठरवावे. सर्वांना एकच पथ्य लादण्याचे कारण नाही.

शिक्षक व अधिकारी बंधुभगिनींना एक विनंती आहे. घास गिळताना अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, कारणाविना वजन घटणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपचारात दिवस घालवू नयेत, हे गावात सर्वांना सांगावे. आठवड्यातून वारंवार जळजळ होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. दुकानातून गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेत राहू नये.

आणि छातीवर दडपण येऊन घाम सुटला, वेदना हातात किंवा जबड्यात जाऊ लागली, तर सोडा शोधू नका. त्याच क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. छातीतील प्रत्येक जळजळ पित्ताचीच असते असे नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.