रक्ताची शुद्धता

जे. के. रोलिंग यांच्या १९९७ ते २००७ या काळांत प्रसिद्ध झालेल्या हॅरी पॉटर-कादंबऱ्यांतील जादूगारांच्या समाजांत विद्येपेक्षां कुळाची विचारपूस अधिक. हर्मायनी वर्गांत सर्वांत हुशार. पण तिचे आईबाप दंतवैद्य, जादूशीं त्यांचा संबंध नाहीं, म्हणून ड्रॅको मॅल्फॉय तिला गढूळ रक्ताची म्हणून हिणवितो. वास्तविक सामान्यांशीं सोयरिकी झाल्या नसत्या, तर जादूगारांचा वंशच खुंटला असता, असें रॉन सांगतो.

आणि या शुद्धरक्तवाद्यांचा म्होरक्या व्होल्डेमॉर्ट कोण? त्याचा बाप सामान्य माणूसच! बापाचें नांव टाकून त्यानें नवें घेतलें. कुळाभिमानी घराणीं त्याच्याच पायांशीं लोटांगण घालतात. घरीं सोयरीक ठरतांना पहिला प्रश्न गुणांचा असतो कीं कुळाचा, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.