गॅसची नळी आणि घराचे अर्थिंग

(तालुका पातळीवरील प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम उजळले ते १८६५ साली. पण नळीवाटे थेट स्वयंपाकघरात येणारा गॅस ही दीर्घकाळ मोठ्या शहरातली सोय होती. २००६ साली पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा झाला आणि त्यानंतर ही सोय जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरू लागली. गॅसचा वास आला तर काय करावे, झडप कशी बंद करावी, हे गृहिणींना सांगितले जाते. परंतु ही नळी धातूची असते आणि तिच्या शेजारूनच विजेच्या तारा गेलेल्या असतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

आमच्या इमारतीत घडलेला एक प्रसंग सांगतो. वरच्या मजल्यावरील एका भगिनीला शेगडीजवळच्या नळीला ओला हात लागताच झिणझिण्या आल्या. शोध घेता कारण सापडले ते खालच्या मजल्यावर. तेथे गिझर बसविताना त्याची हिरवी तार, म्हणजे अर्थिंगची तार, वायरमनने गॅसच्या नळीला गुंडाळली होती. गिझरमधून थोडी वीज झिरपत होती आणि ती नळीत उतरत होती. "नळी जमिनीतच जाते ना?" असा त्याचा साधा सवाल होता.

हा सवाल अनेकांच्या मनात असतो; म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. नळी जमिनीत जाते हे खरे, परंतु आजकाल रस्त्याखालून येणारी गॅसवाहिनी बहुधा पिवळ्या प्लास्टिकची असते आणि प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. इमारतीच्या भिंतीवर चढणारी धातूची नळी विजेच्या दृष्टीने जणू अधांतरी लटकलेली असते. तिच्यात उतरलेली वीज जमिनीत न जाता साऱ्या मजल्यांवर पोहोचते. शिवाय वाहिनी सर्वस्वी लोखंडाची असली, तरी ज्या नळीतून ज्वालाग्राही वायू वाहतो तिच्यातून वीज वाहू देणे हा धोकाच होय. सांधा सोडविताना तेथे ठिणगी उडू शकते आणि नेमका तेथेच गॅस असतो. म्हणून गॅसच्या नळीचा अर्थिंगसाठी उपयोग कधीही करू नये, हा पहिला नियम.

दुसरा नियम प्रथमदर्शनी याच्या उलट वाटेल. घरातील गॅसची धातूची नळी घराच्या मुख्य अर्थिंगला तांब्याच्या तारेने जोडलेली असावी. या जोडणीला तंत्रज्ञ बाँडिंग म्हणतात. नळीवर अर्थिंगचे काम सोपविणे वेगळे आणि नळीला अर्थिंगचे संरक्षण देणे वेगळे.

या जोडणीने काय साधते? समजा, भिंतीतील एखाद्या तारेचे आवरण झिजले आणि ती नळीला टेकली. नळीवर २३० व्होल्टचा दाब आला. जोडणी नसेल, तर वरून काहीच दिसत नाही. नळी तशीच वाट पाहत राहते. मग कोणी एक हात शीतकपाटावर ठेवून दुसऱ्या हाताने गॅसचा कॉक फिरवितो आणि प्रवाह त्याच्या छातीतून जातो. मानवी शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहम धरला, तर हा प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. जीव घेण्यास त्याहून पुष्कळ कमी प्रवाहही पुरेसा असतो. जोडणी असेल, तर तार टेकताच प्रवाह तांब्याच्या वाटेने अर्थिंगकडे धावतो आणि संरक्षक स्विच खाली पडतो. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविलेला असल्यास हे क्षणार्धात घडते. माणसाचा हात लागण्याची वेळच येत नाही.

आकाशातील विजेचाही येथे संबंध आहे. अमेरिकेत घरांमधून वळ्यावळ्यांच्या, पातळ स्टेनलेस पोलादी गॅसनळ्या वापरात आल्या. वीज पडल्यावर अशा नळ्यांवर ठिणगी उडून छिद्रे पडली आणि आगी लागल्या. तेथील राष्ट्रीय गॅससंहितेच्या २००९ च्या आवृत्तीत अशा नळ्यांना बाँडिंग करणे आवश्यक ठरविण्यात आले.

मात्र ही जोडणी ज्या अर्थिंगला करावयाची, तेच निकामी असेल तर सारे व्यर्थ. आपल्याकडील खरी उणीव पुष्कळदा येथेच असते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला, तार गंजून तुटलेली, किंवा अर्थिंग पाण्याच्या नळाला जोडलेले आणि तो नळ मध्यंतरी प्लास्टिकचा झालेला, अशी स्थिती आढळते. भारतीय मानक ३०४३ नुसार अर्थिंगची जस्तलेपित नळी किमान २.५ मीटर लांब असावी. पत्रा वापरावयाचा तर तो किमान ६० बाय ६० सेंटिमीटरचा असावा व त्याची वरची कड जमिनीखाली किमान १.५ मीटर असावी. मुख्य बाँडिंगची तांब्याची तार ६ चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी.

ज्या घरी एकच सिलिंडर व रबरी नळी आहे, तेथे धातूची लांब गॅसवाहिनीच नसते. तेथे उपकरणांचे अर्थिंग सुस्थितीत असले म्हणजे झाले. परंतु शाळेचे स्वयंपाकघर, वसतिगृह किंवा समाजमंदिर येथे सिलिंडर बाहेर ठेवून लोखंडी नळीने गॅस आत आणलेला असेल, तर तेथे हा प्रश्न उद्भवतो आणि त्याची जबाबदारी आपणा सर्वांवर येते.

यास्तव माझी विनंती एवढीच की, आपल्या ताब्यातील प्रत्येक इमारतीत तीन गोष्टी पाहाव्यात. गॅसच्या नळीला कोणत्याही उपकरणाची हिरवी तार गुंडाळलेली नाही ना? मुख्य अर्थिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घेतले आहे ना? गळतीरोधक स्विच बसविला असून त्याचे चाचणीचे बटण दरमहा दाबले जाते ना? नळीला तार गुंडाळलेली आढळल्यास स्वतः हात लावू नये. ती जिवंत असू शकते. मुख्य स्विच बंद करून ठेकेदारास बोलवावे. बाँडिंगचे काम गॅसपुरवठादारास कळवून, जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे.

आमच्या इमारतीत त्या भगिनीच्या हाताला नुसत्या झिणझिण्या आल्या, म्हणून आम्ही सावध झालो. आपल्या शाळेतील पोरांवर आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर तेवढीही वेळ येऊ नये, यासाठी एका दिवसाची तपासणी पुरेशी आहे.