उदबत्तीच्या उरलेल्या काड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच झाले. पण हातात काम असले की माझी जीभ जरा सैल होते, म्हणून हा काड्यांचा डबाच बरोबर घेऊन आले आहे.

आमच्या घरी सकाळी दोन आणि तिन्हीसांजेला दोन उदबत्त्या लागतात. म्हणजे वर्षाच्या १,४६० काड्या झाल्या. मसाला जळून जातो आणि धरायला ठेवलेले दीड-दोन इंचांचे बूड उरते, ते आपण केरात लोटतो. बूड म्हटले तरी तो चांगला तासलेला बांबू आहे. मध्यंतरी या काड्या व्हिएतनाम आणि चीनहून फार येऊ लागल्या होत्या. २०१९ साली सरकारने परदेशी उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि २०२० साली बांबूच्या काड्यांवरची जकात १० टक्क्यांची २५ टक्के केली. मग आपणच ती केरात का घालावी?

शेजारच्या काकूंनी मला अडवलेच. म्हणाल्या, "देवापुढची काडी, तिची कसली खेळणी करतेस?" फुले निर्माल्य होतात, हे मला मान्य आहे. पण काडी हे नुसते धरायचे दांडके. तलावात सोडण्यापेक्षा ती दाराला तोरण होऊन राहिली तर देव रागावेल असे मला वाटत नाही. तरी ज्यांचे मन घेत नाही त्यांनी करू नये. दहाव्या-तेराव्याच्या काड्या मीही घेत नाही.

आता तोरणाचे सांगते. आपल्या सोलापुरात रंगीत सुताला काय तोटा! चादरी-टॉवेलच्या कामातले तुकडे कुणाच्या ना कुणाच्या घरी असतातच. दोन काड्यांची फुली धरावी आणि मधोमध सूत तिरके गुंडाळून घट्ट बांधावी. मग सूत एका काडीवरून नेऊन तिला एक वेढा द्यावा, पुढच्या काडीवर जावे, तिलाही वेढा द्यावा. असे फिरत राहिले की चौकोन आतून बाहेर भरत जातो. रंग बदलताना गाठ मागच्या बाजूला घ्यावी. सूत सैल सोडले की सगळे घसरते, एवढेच सांभाळायचे. मेक्सिको देशातले हुइचोल लोक अशीच फुली विणतात आणि तिला देवाचा डोळा म्हणतात. मुलाला आयुष्य लाभावे म्हणून ती करतात. कुठला मुलूख, आणि आईबापांचे मन मात्र तेच! अशा अकरा फुल्या दोऱ्यात ओवल्या की तोरण झाले.

गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी आमच्या पोरांनी काड्या जोडून, त्यांवर पांढरे सूत गुंडाळून वीतवीतभर उंचीचे सात नंदीध्वज केले आणि वर कागदाचे बाशिंग बांधले. मिरवणूक माजघरातून न्हाणीघरापर्यंत गेली. फोटोची चौकट, पेनांचे भांडे, बाहुलीची शिडी हे तुमचे तुम्हाला सुचेलच.

मी या नादाला लागले ते मात्र सासूबाईंमुळे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बारीक वस्तू बोटांनी उचलायला लावा. राजमा दिला, तर त्या चिडायच्या. "मी काय लहान पोर आहे?" म्हणायच्या. काड्या दिल्या आणि सांगितले, लाल वेगळ्या करा, हिरव्या वेगळ्या करा, मला तोरणाला हव्या आहेत. त्या कामाला बसल्या. पहिल्या दिवशी सात काड्या झाल्या. पुढे डाव्या हातात फुली धरून उजव्याने सूत फिरवू लागल्या. हात पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही. पण चहाचा कप आता त्या स्वतः धरतात. आणि त्यांनी विणलेली फुली माझ्यापेक्षा घट्ट असते, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

थोडी काळजी घ्यावी लागते. काडी पूर्ण विझून गार झाल्याशिवाय डब्यात टाकू नये. जळके टोक कात्रीने उडवून टाकावे, नाहीतर सुताला काळे लागते. रंगीत काडी ओली झाली तर रंग सोडते, म्हणून पांढऱ्या सुताला साधीच काडी घ्यावी. तान्ह्या मुलांच्या हाती देऊ नये, टोके बोचतात आणि ती तोंडात घालतात.

मंडळाच्या दाराशी आजपासून एक रिकामा डबा ठेवला आहे. काड्या आणाल त्या वाळलेल्या आणा, ओल्या काड्यांना बुरशी धरते. आणि ज्यांच्याकडे हिरवे सूत असेल त्यांनी थोडे द्यावे, आमचे संपले आहे.