पावणेपाचचा गजर

डोंबिवलीत माझा दवाखाना आहे, त्यामुळे दमलेली माणसं मी रोज बघते. कुणी येऊन म्हणालं, "मॅडम, दिवसभर थकवा असतो," की मी सांगते, थकवा हा शब्द जरा बाजूला ठेवा. घरी आईला सांगाल तसं सांगा. मग खरं काय ते बाहेर येतं. एकाला दुपारी पेंग येते. दुसऱ्याचे हातपाय गळून जातात. तिसऱ्याचं अंग मोडून आलेलं असतं, आणि चौथ्याला एक जिना चढला की धाप लागते. आपल्या भाषेनं ही वेगवेगळी नावं ठेवली आहेत ती उगाच नाहीत. चौघांची कारणंही बहुधा चार असतात. आपण मात्र सगळ्यांना एकाच गोणीत भरतो आणि टॉनिकची बाटली आणतो.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. वय त्रेचाळीस, नोकरी फोर्टात. रक्तातली साखर काठावर आलेली, म्हणून वजन उतरवा असं मीच त्यांना बजावलं होतं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. पावणेपाचचा गजर, पाच ते पावणेसहा झपझप चालणं, मग दोघांचे डबे, मग गाडी. रात्री नुसतं सूप. तीन आठवड्यांत दोन किलो उतरले. चौथ्या आठवड्यात दुपारी तीन वाजता हिशेबाचे आकडे डोळ्यांपुढे पोहायला लागले. एका संध्याकाळी तर गाडीत अशी झोप लागली की डोंबिवली गेलं, कल्याण गेलं, जाग आली ती अंबरनाथला. माझ्यासमोर बसून त्या वैतागून म्हणाल्या, "व्यायामानं माणूस ताजातवाना होतो ना, मॅडम?"

मी विचारलं, झोपता किती वाजता? "साडेअकरा. कधी बारा." आणि व्यायाम सुरू करण्याआधी? "तेव्हाही तेच. पण उठायचे सहाला." आता हिशेब करा. आधी साडेसहा तास झोप होती, तीच मुळात कमी. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. त्यातून व्यायामासाठी आणखी सव्वा तास काढला. गजर अलीकडे आणला, निजायची वेळ तिथेच राहिली. पहाटे व्यायाम करणाऱ्या दहा जणांना विचारलंत तर बहुतेकांनी वेळ इथूनच काढलेला आढळेल, कारण झोप तक्रार करत नाही. निदान लगेच तरी नाही.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त, आणि तितका झोपेचा दाब जास्त. झोपेत त्याचा निचरा होतो. झोप सव्वापाच तासांवर आली की निचरा अर्धवट राहतो आणि कालची शिल्लक घेऊनच आजचा दिवस सुरू होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन हे अॅडेनोसिन काढून टाकत नाही. अॅडेनोसिन मेंदूवर जिथे जाऊन बसतं, ती जागा कॅफिन फक्त अडवून धरतं. कॅफिन उतरलं की साचलेली सगळी झोप एकदम अंगावर येते. शिवाय शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कडक चहातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. मग पडलं तरी डोळा लागत नाही, आणि सकाळी पुन्हा पावणेपाच.

झोपेच्या दाबाच्या जोडीला शरीराचं आतलं घड्याळही चालू असतं. दुपारी एक ते चारच्या सुमारास ते जागेपणाची पकड थोडी सैल सोडतं. आपण दोष भाताला देतो. पण त्या दिवशी जेवला नाहीत तरी ही उतरण येतेच. भरपेट भातानं ती खोल होते, इतकंच. रात्रीची झोप पुरी झाली असेल तर एखाद्या जांभईवर निभावतं. नसेल तर आकडे पोहायला लागतात. दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या पुणेकरांची आपण इतकी वर्षं चेष्टा केली, पण शरीरशास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. वामकुक्षी मिळत असेल तर जरूर घ्या. वीस मिनिटं, गजर लावून. तासभर झोपलात तर डोकं जड होऊन उठाल आणि रात्रीची झोप उशिरा येईल.

वजन उतरवणाऱ्यांनी आता जरा कान देऊन ऐका. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं फक्त दहा, पण पाहणी बारकाईची. त्यांना दोन आठवडे कमी उष्मांकांचा मोजका आहार दिला आणि झोपायला रात्री साडेआठ तास दिले. पुन्हा कधीतरी त्याच माणसांना तसाच आहार दिला, पण झोपायला साडेपाच तासच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, सुमारे तीन किलो. पण पुरी झोप होती तेव्हा त्यात चरबी होती १.४ किलो. झोप कमी होती तेव्हा चरबी उतरली जेमतेम ०.६ किलो. बाकी सगळं चरबीखेरीजचं, त्यात जपून ठेवावेत असे स्नायूही आले. वर भूकही जास्त लागली. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून काट्यावर माझा बेताचाच विश्वास आहे.

आता गळून जाण्याबद्दल. ते होतं पोटामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली. युद्धानं उपाशी राहिलेल्या माणसांना पुन्हा कसं सावरायचं, ते शोधायचं होतं. ही मुलं स्वखुशीनं आली होती. त्यांचं जवळपास पाव वजन गेलं. पण वजनाबरोबर उत्साहही गेला, अंग कायम गार पडायला लागलं, मन कशातच लागेना, आणि गडी बसून पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले! खर्चाला पैसे कमी आले की घरची बाई दिवे मालवते, तसं शरीर करतं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ती आठवड्याभरात जाळायची तर रोज हजारावर कॅलरींची तूट काढावी लागते. पाऊण तासाच्या चालण्यात जातात जेमतेम दोनशे. उरलेली तूट पोटातून काढायला गेलात की चौथ्या आठवड्यात शरीर दिवे मालवणारच. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला.

आमच्या बाईंचं सूप मी बंद करायला लावलं. रात्री आठच्या आत एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा पिठलं, भाजी, ताक. पहाटे निघण्याआधी पाणी, आणि पोट खपाटीला गेल्यासारखं वाटत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर. परत आल्यावर चहा-बिस्किटांवर भागवायचं नाही. मुगाचं घावन, थालीपीठ-दही, अंडं, जे घरात चालत असेल ते. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी व्यायामाला सुरुवात करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावंच. साखर एकदम खाली गेली तर रस्त्यात भोवळ येते.

अंग मोडून येत असेल तर त्याला फार भ्यायचं कारण नाही. नव्यानं व्यायाम सुरू केलेल्याचे स्नायू आठवडा-दोन आठवडे कुरकुरतात. आयुर्वेदात अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबायचं. उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. आपल्या दमट हवेत हा सल्ला मला फिटनेसच्या अॅपपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

राहिली धाप. तिच्याकडे दुर्लक्ष नको, तिच्यामागे रक्तक्षय असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आमच्या बाईही त्यातल्याच निघाल्या, हिमोग्लोबिन ९.६, हवं किमान १२. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि जेवण झाल्या झाल्या चहा पिण्याची सवय मोडायला सांगितली, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर थांबून प्यावा. थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा एकदा तपासून घ्यावं. आणि घरातलं माणूस जोरात घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखं होत असेल, आठ तास झोपूनही पेंगत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. ते डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे.

बाईंचं वेळापत्रक आम्ही दोघींनी बसून बदललं. पहाटेचं चालणं आठवड्यातून तीनच दिवस. बाकीचे दिवस संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं नाही, घरापर्यंत चालत जायचं. सहाचा चहा बंद. दिवा पावणेदहाला बंद. रात्रीच्या मालिकेवरून घरात थोडी कुरबुर झाली, पण मालिका दुसऱ्या दिवशी फोनवर बघता येते, झोप दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा वजन चार किलो उतरलं होतं, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं होतं. चेहरा मात्र तक्रारीचा. म्हटलं, आता काय झालं? म्हणाल्या, "गाडीत आता मला झोपच लागत नाही हो. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांची मेथी निवडायचं काम माझ्याकडे आलंय."